गौरीला विचारायचं राहिलं

भाद्रपद लागला की आमच्या वत्सलावहिनीच्या छातीत धडधडायला लागे. गणपती पाटावर बसायच्या आधीच तिची झोप उडालेली असे. हात थरथरत. चुलीवरचा मोठा टोप उतरवताना तो मध्येच खाली टेकवायचा, दम घ्यायचा आणि मग पुन्हा उचलायचा, असं चाले. बोईसरच्या डॉक्टरनं दंडाला पट्टा बांधून पाहिलं आणि सांगितलं, "प्रेशर आहे. सणावाराचा ताण घेऊ नका, डोकं शांत ठेवा." डॉक्टरला सांगायला काय जातं! त्याच्या घरी गौर कोण आणतं आणि नैवेद्याच्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, कोण साफ करतं, हे त्याला कुणी विचारलं नसावं.

मी हिरा, वत्सलावहिनीची धाकटी जाऊ. आमचं घर दांडीचं, दर्यावरचं. थोरले दीर एकनाथ, वहिनीचे यजमान, बोटीवर जात. माझा नवरा वामन बोईसरच्या कारखान्यात पाळी करी, म्हणून आम्ही सालवडला खोली घेऊन राहत होतो. सणाला मात्र दांडीला. दांडीचं घर सासूबाईंच्या नावानं चाले आणि वत्सलावहिनीच्या जिवावर.

गौरीला माझ्या तिन्ही नणंदा पोरांबाळांसकट माहेरी येत. थोरल्या बायडीवन्सं आल्या की ओटीवर पंख्याखाली बसायच्या त्या जेवायलाच उठायच्या. यात त्यांचं काही चुकत होतं असं तेव्हा कुणालाच वाटत नसे. गौर माहेरी येते, तशी लेक माहेरी येते. वर्षभर टोपल्या वाहून, मासळी विकून मान मोडलेली बाई चार दिवस बसली तर बिघडलं काय? बिघडत एवढंच होतं की कुणाची तरी लेक त्या वेळी चुलीपुढे उभी असे, आणि ती दर वर्षी एकच असे.

कामापेक्षाही त्या बाईला विचारण्यांनी पिडलं होतं. खवणी कुठंय? पाट कुठंय? मीठ किती? पोरगं रडतंय, त्याला काय देऊ? माझा सदरा कुठं ठेवलास? दर विचारण्याला तिनं मान वळवायची, उत्तर द्यायचं आणि हातातलं काम चालू ठेवायचं. विहिरीवरून पाण्याची कळशी घेऊन येतानासुद्धा वाटेत तिला कुणीतरी विचारी, "वहिनी, तांदळाचं पीठ चाळलेलं हाय काय?" मी दोन दिवसांची पाहुणी, पण ते ऐकून माझंच डोकं उठे.

ते साल चौऱ्याऐंशी असावं. गौरीच्या आधी बोईसरच्या बाजारात मला सातपाटीची एक मासळीवाली भेटली. वत्सलावहिनीचं माहेर सातपाटीचं. बाईनं निरोप दिला, "वत्सलेच्या आयला बरं नाय. म्हणते, एकदा तरी गौरीला येऊन जा म्हणावं. पुढच्या वरसाचं कुणी बघितलंय?"

मी दांडीला पोचल्या पोचल्या निरोप सांगितला. वत्सलावहिनी नारळ सोलत होती. सोलायची थांबली. लग्न झाल्यापासून गौरीला ती एकदाही माहेरी गेली नव्हती. एरवी जाई, उन्हाळ्यात, कुणाच्या लग्नाला. पण गौरीला जाणं वेगळं. त्या दिवशी आईच्या हातचं पानावर वाढलेलं खायचं, याचं मोल सासरी नांदणारीलाच कळतं. माझं माहेर तारापूरचं, हाकेच्या अंतरावर. मी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येत असे. वहिनीला बोईसर, पालघर असं एसटी बदलत जावं लागे, म्हणजे दिवस मोडला.

"इचार ना आयला," मी म्हटलं, म्हणजे सासूबाईंना.

"इचारते," ती म्हणाली.

आणि तिनं खरंच प्रयत्न केला. मी डोळ्यांनी पाहिलं. "आय, मी काय म्हणते..." असं ती म्हणाली की सासूबाई म्हणत, "हां, बरी आठवण केलीस, हळदीची पानं आणायची राहिली." पुन्हा "आय, मी..." आणि तेवढ्यात कुणाचं तरी पोर पायरीवरून पडे. सासूबाई दुष्ट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते. त्यांना ऐकायची सवयच नव्हती, एवढंच. त्याही उभ्या आयुष्यात गौरीला माहेरी गेल्या नव्हत्या आणि "आमाला काय झालं?" हे त्यांचं पेटंट वाक्य होतं.

गौर आणायचा दिवस उजाडला. आमच्याकडे गौर म्हणजे तेरडा. बांधावरून मुळासकट तेरडा उपटायचा, विहिरीवर धुवायचा, हळदीच्या पानात गुंडाळून सुपात ठेवायचा आणि घरच्या सुनेनं तो घेऊन यायचा. विहिरीवरून पाऊल उचललं की तिनं तोंड मिटायचं. बोलली तर गौर वाटेतूनच फिरते म्हणतात. उंबऱ्यावर तिचे पाय धुवायचे, ओवाळायचं, गौर पाटावर बसवायची. मग घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईनं तिला विचारायचं, "गौराई, कशाच्या पावलांनी आलीस?" सुनेनं सांगायचं, "सोन्याच्या पावलांनी." मग, "काय घेऊन आलीस?" "धनधान्य, लेकरंबाळं." शेवटी, "तुला काय पायजे?" आणि सून म्हणणार, "काय नको, घर सुखी ठेवा." हे झालं की सुनेचं तोंड सुटलं. तोवर बोलायचं नाही, आणि विचारायचा मान थोरल्या बाईचाच.

त्या दिवशी वत्सलावहिनी सूप घेऊन उंबऱ्यापाशी आली, सासूबाईंनी तिचे पाय धुतले आणि आरतीचं ताट उचललं, तोच गल्लीच्या तोंडाशी टेम्पो थांबला. आतून बायडीवन्सं, त्यांच्या दोघी बहिणी आणि पोरांचा लोंढा उतरला. एका पोराला गाडी लागली होती, ते वाटभर ओकत आलं होतं. सासूबाईंनी ताट माझ्या हातात कोंबलं. "तू ओवाळ गं," म्हणाल्या आणि धावल्या.

मी ओवाळलं. वहिनीनं गौर पाटावर बसवली. बाहेर रडारड, पाणी आणा, लिंबू आणा. सगळं निस्तरून सासूबाई आत आल्या, गौर बसलेली पाहिली, हात जोडले आणि म्हणाल्या, "झालं बाय एकदाचं." आणि स्वयंपाकघरात गेल्या.

विचारायचं राहिलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वत्सलावहिनीनं माझा हात धरला. मान हलवली. नको. तिच्या चेहऱ्यावर मला कधी न दिसलेलं काहीतरी होतं. शाळेला अचानक सुट्टी मिळालेल्या पोरीचं असतं तसं. मी तोंड मिटलं. मला काय, मी नाहीतरी दोन दिवसांची पाहुणी.

मग सुरू झाली गंमत.

"वहिनी, खवणी कुटं हाय?" बायडीवन्संनी ओटीवरून हाक दिली. वहिनीनं फळीकडे बोट दाखवलं. ओटीवरून बोट कसं दिसणार? बायडीवन्संनी आणखी दोन हाका मारल्या, उत्तर येईना, तेव्हा कुरकुरत उठल्या, आत आल्या, बोट पाहिलं आणि खवणी काढली. आता हातात खवणी आलीच, तर नारळही त्यांच्यापुढे मी सरकवला. एकनाथभाऊजी आले, "माझा सदरा?" वहिनीनं पेटीकडे हात केला. त्यांनी पेटी उघडली, सदरा वरच होता. एवढी वर्षं तो वरच असायचा. पोरं येत, विचारत, बोटाच्या दिशेनं जात आणि परत विचारायला येत नसत. मीठ किती, हे विचारायला सासूबाई आल्या, वहिनीनं मिठाचा डबाच त्यांच्या हातात दिला. त्यांनी स्वतःच्या अंदाजानं घातलं. कालवण चांगलं झालं होतं.

कुणालाही वाटलं, ती कामात आहे, म्हणून बोलत नाही. काम तिनं थांबवलं नव्हतंच. पण हळूहळू, शांतपणे करत होती. मी तिच्याजवळ पीठ मळत बसले होते. टोप उतरवताना तिनं तो एकदाच उचलला. मध्ये टेकवला नाही. मी ते पाहिलं आणि खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या डॉक्टरच्या गोळ्यांनी झालं नव्हतं ते झालं होतं.

पण असं किती वेळ चालणार? उन्हं कलायला लागली तशी बायडीवन्संच्या ध्यानात आलं की वहिनी आपल्याशी एक शब्द बोललेली नाही. कधी आलात म्हणून विचारलं नाही, पोराला बरं आहे का म्हणून विचारलं नाही. झालं! नाकाच्या शेंड्यावर राग.

"आय, मी चालले माझ्या घरी," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "हितं येऊन तोंड फिरवून घ्यायला मी आले नाय. तुमच्या सुनेला आमी जड झालो असू तर तसं सांगा ना सरळ."

बाकीच्या दोघींनी लगेच सूर धरला. एकनाथभाऊजी हळूच बोटीकडे सटकले. पुरुषांना अशा वेळी बोटीचं काम बरोबर आठवतं. सासूबाई तरातरा चुलीपाशी आल्या.

"का गं, मूग गिळून बसलीस? माझी लेक येवड्या लांबून आली, तिच्याशी दोन सबुद बोलायला तुला काय झालं?"

वत्सलावहिनीनं वर पाहिलं. ओठ हलले नाहीत. मग मात्र मला राहवेना.

"आय, ती कशी बोलंल? तुमी गौरीला इचारलंच नाय."

"काय?"

"ताट माझ्याकडं दिलंत नि टेम्पोकडं गेलात. इचारायचं राहिलं. ती सकाळपासून गौर घेतलेलीच हाय."

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी कपाळावर हात मारला. न विचारता गौर बसलेली, दुपार गेलेली, आणि वर आपण तिच्यावरच ओरडलो. ही भीती साधी नव्हती. सण संपला की बोटी पुन्हा दर्यात जायच्या होत्या. "अरे देवा," त्या म्हणाल्या, "चला सगळी, चला आत." बायडीवन्संचं जायचं राहिलं बाजूला. सगळं घर गौरीपुढे गोळा झालं. वत्सलावहिनीनं हात धुतले, पदर घेतला आणि पाटाजवळ बसली. सासूबाईंनी नव्यानं निरांजन लावलं.

"गौराई, कशाच्या पावलांनी आलीस?"

"सोन्याच्या पावलांनी." दिवसभर न वापरलेला आवाज, घोगरा निघाला.

"काय घेऊन आलीस?"

"धनधान्य, लेकरंबाळं."

"तुला काय पायजे?"

वत्सलावहिनीनं तेरड्याचं एक पान सरळ केलं. मला वाटलं विसरली. मग ती गौरीकडे बघतच म्हणाली,

"मला उद्या माझ्या आयकडं जायचंय."

निरांजनाची वात तेवढी चरचरली. मग बायडीवन्सं म्हणाल्या, "अगं, असं बोलतात काय गौरीसमोर? काय नको म्हणायचं असतं."

"माझ्या आयला बरं नाय," वत्सलावहिनी म्हणाली. आता तिचे डोळे वाहत होते, पण आवाज नीट होता. "निरोप आलाय तिचा. मी दोनदा सांगायला आले, तुमी ऐकलं नाय. लगीन झाल्यापासून गौरीला मी गेले नाय. मला जायचंय. मला जायलाच पायजे."

मला वाटलं आता सासूबाईंचं "आमाला काय झालं?" येणार. ओठांवर आलंही असेल. त्यांनी गौरीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि हातातलं ताट खाली ठेवलं.

"मीच इचारलं, काय पायजे म्हणून," त्या म्हणाल्या. "इचारून वर नाय कसं म्हणू?" आणि जरा थांबून, कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात, "मला कुणी असं इचारलं असतं, तर मी बी हेच मागितलं असतं."

थोड्या वेळानं खरा प्रश्न बायडीवन्संना सुचलाच. "मग उद्या नैवेद्याचं कोण बघंल? येवड्या चिंबोऱ्या..."

"तू," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या हाताला काय मेंदी लागलीय? आणि हिरा, तू जा तिच्या संगती. वाटेत चक्कर आली म्हंजे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. एसटीत वहिनीनं खिडकीची जागा धरली आणि पालघरपर्यंत अशी गाढ झोपली की कंडक्टरनं मला विचारलं, बाई बऱ्या आहेत ना? मी म्हटलं, आजच बऱ्या आहेत.

सातपाटीच्या घरात शिरलो तर वहिनीची आई दारातच पाय पसरून बसलेली. तोंडात पान. आजारपणाचा मागमूस नाही.

"आय, तुला बरं नव्हतं ना?" वहिनी घाबरीघुबरी.

"मला काय धाड भरलीय?" म्हातारी हसली. "तसं सांगितल्याबिगर तुला धाडतात काय? ये, बस हितं. आज उठायचं नाय."

वहिनी आधी चिडली, मग हसली, मग आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. म्हातारी तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. मी घरभर नजर फिरवली. गौर सजवलेली होती. ओटीवर कुणाची कुणाची पोरं खेळत होती. आतून फोडणीचा वास येत होता आणि हाका चालल्या होत्या: "वहिनी, पाट कुठंयत?" "आई, माझा सदरा?"

त्या हाका होत्या मथुरेला, वत्सलावहिनीच्या भावजयीला, म्हणजे तिच्या थोरल्या भावाच्या बायकोला. कष्टाळू, थोडं बोलणारी. ती आमच्यासाठी चहा घेऊन आली. कप बशीत खडखडत होता. तिनं दुसऱ्या हातानं बशी धरली तरी तो खडखडायचा थांबेना. चहा थोडा सांडला. "राहू दे, राहू दे," असं म्हणत तिनं तो पदरानंच टिपला.

वत्सलावहिनी उठून बसली. ती त्या हाताकडे बघत होती.

"वहिनी, तुझी आय कशी हाय?" तिनं विचारलं.

"हाय, बरी हाय."

"कधी गेलेलीस?"

"मे महिन्यात गेले ना. लगीन होतं."

"गौरीला?"

मथुरावहिनी हसली. तिचं माहेर मुरब्याचं, सातपाटीच्या समोर, खाडीच्या पलीकडे. घराच्या मागच्या दारात उभं राहिलं की तिथले माड दिसतात. होडीनं पलीकडे जायला कितीसा वेळ लागतो!

"गौरीला कसं जमंल, वत्सलाबाय?" ती अगदी सहज म्हणाली, तक्रार म्हणून नाही. "दर वरसाला आय म्हणतात, औंदा वत्सला येईल. तुमी आलात नि घरात वाढायला कोण बाई नसली तर कसं दिसंल? म्हणून मी राहते."

वत्सलावहिनीच्या हातात कप तसाच राहिला. म्हातारीनं पान चघळायचं थांबवलं. मला एकदम त्या बाईचं सगळं आयुष्य दिसल्यासारखं झालं. दर वर्षी ती पाहुणीसाठी थांबत होती. पाहुणी दर वर्षी दांडीला चुलीपुढे, आणि ही इथं चुलीपुढे, तिची वाट बघत. म्हातारीलाही हे आजवर सुचलं नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

वत्सलावहिनीनं चहा संपवला, पदर खोचला आणि उठली.

"वहिनी, लुगडं बदल. मुरब्याला जाऊन ये."

"अवो, काय तरीच! तुमी आजच आलात, माहेरपणाला..."

"मी निजले एसटीत. पोट भरून निजले. माझ्या आयच्या चुलीला मी हात लावते, तू तुझ्या आयकडं जा. उद्या ये सावकाश."

म्हातारी कुरकुरली. "मी तुला बसायला बोलावलं नि तू रांधायला निघालीस?"

"मग तू बी ये आत," वत्सलावहिनी म्हणाली. "माझ्यापाशी बस. बोल माझ्याशी. मला तेच पायजे."

मथुरावहिनी नको नको म्हणत होती, पण पेटी उघडून लुगडं बाहेर काढलंच होतं. नेसून झालं तरी तिचा पाय निघेना. दारात उभी राहून सांगायला लागली, "वत्सलाबाय, चिंबोऱ्या मोठ्या टोपात हायत. मीठ बरणीत, कोकम वरच्या फळीवर, नि चाळणी..."

"जा," वत्सलावहिनी म्हणाली. "मला काय सांगू नको. सगळं सापडंल मला. आणि नाय सापडलं तर दादाला सांगीन, शोध म्हणून." आणि तिनं ओटीवर बसलेल्या आपल्या भावाकडे बोट दाखवलं. तो बिचारा दचकून उभाच राहिला.

मी मागच्या दाराशी खोबरं खवायला बसले होते. तिथून खाडी दिसत होती. होडी अजून काठाला लागलेली होती, नावाडी बिडी ओढत बसला होता. घाई करायचं काही कारण नव्हतं. तरी मथुरावहिनी लुगड्याचा काष्टा सावरत धावत गेली.